दाण्यापासून धारेपर्यंत – भाग ६ : ग्रेन व्हिस्कीची चव आणि तुलना

ग्रेन व्हिस्की म्हणजे मका, गहू, तांदूळ अशा धान्यापासून, बहुधा अखंड चालणाऱ्या उंच कॉलममध्ये काढलेली आणि ओकच्या पिंपात मुरवलेली व्हिस्की. धान्य आंबवताना त्यात थोडी मोड आलेली बार्लीही घालतात. तिच्यातली विकरे पिष्टाची साखर करतात. स्कॉटलंडमध्ये ही दारू ९४.८ टक्क्यांपेक्षा कमी तीव्रतेला उतरवावी लागते, किमान ३ वर्षे पिंपात राहावी लागते आणि बाटलीत ४० टक्क्यांखाली जाऊ शकत नाही. ‘सिंगल ग्रेन’ या नावाने अनेकांची फसगत होते. त्यातला ‘सिंगल’ एकाच डिस्टिलरीसाठी आहे, एकाच धान्यासाठी नव्हे.

या व्हिस्कीचा इतिहास कॉलमशी बांधलेला आहे. आयर्लंडमधले माजी अबकारी अधिकारी एनियस कॉफी यांनी १८३० मध्ये अखंड आसवनाच्या यंत्राचे पेटंट घेतले. पॉट स्टिल दर खेपेला भरावे आणि रिकामे करावे लागते. कॉलममध्ये एकीकडून आंबवण आत जात राहते आणि दुसरीकडून दारू बाहेर पडत राहते. ही स्वस्त, हलकी दारू ‘व्हिस्की’ म्हणवून घेऊ शकते का, यावर ब्रिटनमध्ये खटला झाला, चौकशी आयोग बसला आणि १९०९ मध्ये त्या आयोगाने होकार दिला. आज बाजारातल्या बहुतेक मिश्र स्कॉचमध्ये ग्रेन व्हिस्कीचा वाटा मोठा असतो.

कनकीचे काय होते?

ग्रेन व्हिस्कीच्या धान्यांत तांदूळही आहे, आणि विदर्भातला गोंदिया हा धानाचा जिल्हा. धान राइस मिलमध्ये भरडला की तांदूळ, कोंडा आणि कनकी वेगळी होते. कनकी म्हणजे तुटका तांदूळ. त्याला दर कमी मिळतो, पण पिष्ट अख्ख्या तांदळाइतकेच असते. म्हणून पीठ आणि पशुखाद्याबरोबरच मद्यार्काच्या कारखान्यांनाही तो चालतो. कनकी दळून पाण्यात शिजवतात, विकरांनी पिष्टाची साखर करतात आणि यीस्ट घालून आंबवतात. एक टन कनकीतून साधारण ४०० ते ४५० लिटर मद्यार्क निघतो.

चिन्नोर या सुवासिक तांदळाचा भात शिजत असला की शेजारच्या घरालाही कळते. त्या सुगंधाचे मुख्य कारण म्हणजे २-असिटिल-१-पायरोलिन हे संयुग. पण याच चिन्नोरची कनकी आंबवून ९६ टक्क्यांचा शुद्ध मद्यार्क काढला, तर त्यात तो सुगंध शोधून सापडणार नाही, कारण मद्यार्काखेरीज जे काही आहे ते काढून टाकण्यासाठीच तो कॉलम बांधलेला असतो. महाराष्ट्रात मद्यार्क प्रामुख्याने उसाच्या मळीपासून निघत आला. २००७ मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्क काढण्यास उत्तेजन देणारे धोरण आणले, तेव्हा धान्य ताटात जावे की ग्लासात, यावर मोठा वाद झाला. चवीपुरते पाहिले तर इतक्या शुद्धतेला मळी आणि धान्य यांतला फरक फार पुसट होतो.

ग्रेन व्हिस्की या मद्यार्काच्या थोडी अलीकडे थांबते. धान्याच्या खुणा तिच्यात उरतात, पण पुसट. चवीचा मोठा भाग पिंपातून येतो. ग्रेन व्हिस्कींची तुलना करताना हे पहिल्यापासून ध्यानात ठेवावे लागते.

हातभट्टीची उलट बाजू

याच जिल्ह्यातल्या जंगलात कॉलमच्या अगदी उलट उदाहरण मिळते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचून वाळवतात. फुलात साखर आयती असल्याने मोड आणणे किंवा पिष्ट फोडणे, यांतले काहीच लागत नाही. भिजवून आंबवलेली फुले भांड्यात तापवून वाफ थंड केली की दारू उतरते. हे पॉट स्टिलचेच साधे रूप. फुलाचा उग्र-गोड वास तिच्यात थेट येतो. चिन्नोरच्या सुगंधाला कॉलममध्ये जे भोगावे लागते ते इथे घडत नाही.

‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीत कडकपणाच्या कौतुकाचा आहे. आसवनाच्या शास्त्रात मात्र पहिली धार बाजूला काढतात. तिच्यात असिटाल्डिहाइड आणि इथाइल असिटेट जास्त असतात. पहिल्याला कच्च्या सफरचंदाचा, दुसऱ्याला नेलपॉलिशचा वास येतो. शेवटच्या धारेत जड, तेलकट द्रव्ये येतात. पिंपात जाते ती मधली धार. परवान्याशिवाय दारू गाळणे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे आणि हातभट्टीच्या दारूत काय मिसळले आहे हे चाखून ओळखता येत नाही. नाक तयार करायला वाळलेली मोहफुले पुरेशी आहेत.

जोड्या कशा लावाव्यात?

चांगल्या तुलनेत एका वेळी शक्यतो एकच गोष्ट बदलते. धान्याचा फरक पाहायचा तर गव्हाची आणि मक्याची ग्रेन व्हिस्की साधारण सारख्या वयाची, सारख्या पिंपातली घ्यावी. स्कॉटलंडमध्ये कॅमरनब्रिज गव्हासाठी, तर एडिनबरोची नॉर्थ ब्रिटिश मक्यासाठी ओळखली जाते. मक्याची व्हिस्की तोंडात जरा तुपकट आणि गोड लागते, गव्हाची हलकी आणि कोरडी.

यंत्राचा फरक जपानमध्ये दिसतो. निक्का कंपनी आजही जुन्या कॉफी धर्तीच्या कॉलममध्ये मक्याची दारू काढते. हा कॉलम कमी शुद्ध करतो, म्हणून निक्का कॉफी ग्रेन अंगाने भरलेली लागते. सनटोरीची चिता हीदेखील मक्याचीच, पण बरीच हलकी. तांदळाची चव टिकवायची असेल तर काय करावे लागते, हे कुमामोतोच्या तांदळी शोचूतून आणि ओकिनावाच्या आवामोरीतून कळते. आवामोरी थाई लांब दाण्याच्या तांदळाची असते आणि पॉट स्टिलमध्ये एकदाच आसवली जाते. तांदूळ तिच्यात ओळखू येतो.

हवामानाचा फरक आपल्याकडे अधिक जवळचा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के द्रव उडून जातो. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत १० टक्क्यांच्या आसपास. उष्णतेने लाकडाचा अर्क लवकर उतरतो. मे महिन्यात ४५ अंशांना भिडणाऱ्या विदर्भात पिंप ठेवले, तर तीन वर्षांच्या व्हिस्कीलाही लाकडाचा गडद रंग आणि तुरटपणा येईल. म्हणून दोन देशांच्या व्हिस्कींची तुलना करताना बाटलीवरचे वय एकाच मापाने मोजू नये.

चाखण्याचा क्रम

तोंडाशी निमुळत्या ग्लासात प्रत्येकी १५-२० मिलिलिटर पुरे. ग्लासांना फक्त क्रमांक द्यावेत, नावे झाकावीत. हलक्यापासून सुरुवात करून पिंपाचा अंमल जास्त असलेली शेवटी घ्यावी. खोली थंड असावी. उन्हाळी दुपारी मद्यार्काची वाफच नाक भरून टाकते. आधी वास, मग घोट, मग घोटानंतर उरणारी चव. व्यावसायिक चाचणीत व्हिस्की २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत तितकेच पाणी घातले की ते जवळजवळ साधते आणि दोष उघडे पडतात. एका ग्लासानंतर दुसरा उचलण्याआधी पाणी आणि बिनमिठाचा भात घ्यावा; घोट थुंकून टाकला तर पाचव्या ग्लासालाही जीभ ताजी राहते.

नोंद ओळखीच्या वासांत करावी. व्हॅनिला आणि ओले खोबरे या पिंपाच्या खुणा. भाजलेले कणीस किंवा पेज धान्याची. नेलपॉलिश नीट न कापलेल्या पहिल्या धारेची. प्रत्येक नोंदीपुढे ती धान्याची, यंत्राची की पिंपाची, हे लिहिले की कोणती व्हिस्की आवडली याबरोबरच ती का आवडली, हेही कळते.

महाराष्ट्रात बियर-वाइनखेरीजच्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे नमुन्याची बाटली नेणेही कायद्यात बसत नाही.