परदेशवारीचा हिशेब (भाग ५) : मशीन विचारतं, रुपये की युरो?

फॉरेक्स कार्ड कधी घ्यावं, हे गेल्या भागात पाहिलं. आज दुकानाच्या काउंटरवर क्षणात उरकला जाणारा एक निर्णय.

पॅरिसमध्ये १०० युरोची खरेदी झाली आणि तुम्ही भारतीय कार्ड पुढे केलंत. मशीनवर दोन रकमा उमटतात, एक युरोत आणि दुसरी रुपयांत. मागे रांग असते. रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडेच जातं.

या सोयीचं नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन. रुपये निवडले की युरोचा दर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या हातात राहत नाही. तो दुकानदाराची बँक आणि ही सेवा पुरवणारी कंपनी लावते, आणि त्यातला वाटा बऱ्याचदा दुकानालाही मिळतो. ‘रुपयांतच करू ना?’ या आपुलकीच्या प्रश्नामागचं कारण हे.

‘पण मग आपल्या बँकेचा मार्कअप वाचतो ना?’ ही शंका रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडू. सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरा. युरो निवडले तर १०,००० रुपये, त्यावर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप ३५० आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी ६३. एकूण १०,४१३. आता रुपये निवडले आणि मशीनने सहा टक्के चढा दर लावला, तर तिथेच १०,६०० झाले. शिवाय परदेशी दुकानात रुपयांत व्यवहार केला म्हणून आपल्याकडच्या अनेक बँका एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. म्हणजे आणखी सव्वाशे. मार्कअप न घेणारं कार्ड असेल, तर रुपये निवडून त्याचा सगळा फायदाच घालवून बसाल. युरो भरलेल्या फॉरेक्स कार्डावर तर रुपये मुळीच निवडू नका.

एटीएमवर हाच प्रश्न अधिक फसव्या रूपात येतो. ‘विथ कन्व्हर्जन’ की ‘विदाऊट कन्व्हर्जन’? दुसरा पर्याय दाबला तर पैसेच मिळणार नाहीत, अशी भीती वाटते. मिळतात. ‘विदाऊट’च दाबा. मात्र एटीएमचं स्वतःचं शुल्क वेगळं असतं, ते या बटणाने टळत नाही.

मला राग येतो तो विक्रेता न विचारताच रुपये निवडून मोकळा होतो तेव्हा. मुलांना भेटायला पहिल्यांदाच निघालेले आई-बाबा अशा वेळी संकोचाने गप्प राहतात. गप्प राहू नका. निवड ग्राहकानेच करायची, हा कार्ड कंपन्यांचाच नियम आहे. ‘युरो, प्लीज’ एवढं म्हटलं तरी पुरतं. पावतीवर रुपये दिसले, तर काउंटर सोडण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा युरोत करायला सांगा. नंतर मायदेशी येऊन तक्रार करायची, तर तुम्हाला निवड दिलीच नव्हती हे पटवून देणं जड जातं.

पुढच्या आठवड्यात रोख रकमेविषयी : डॉलर इथूनच न्यावेत की तिथलं चलन तिथे जाऊन घ्यावं?