श्रोणिभंगानंतरची वाटचाल

दोन नितंबास्थी व कण्याच्या तळाशी असलेले त्रिकास्थि हे हाड मिळून कमरेचे कडे बनते. धडाचा भार त्यातूनच पायांकडे जातो. हे कडे पुढे व मागे अशा दोन्ही ठिकाणी तुटले, म्हणजे ते अस्थिर होते. शस्त्रवैद्य धातूच्या पट्ट्या व स्क्रू बसवून ते जुळवितात. हाड साधारणतः ३ महिन्यांत सांधते. परंतु त्रिकास्थीलगतचे मज्जातंतू तुटले असल्यास ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटरच वाढतात. म्हणून पायातील बळ परतण्यास वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. कधी ते पुरते परतत नाही. १९८९ मध्ये मजीद यांनी सुचविलेल्या गुणांकनात वेदना, बसणे, उभे राहणे, चालणे, कामधंदा व कामजीवन यांचा विचार होतो. क्ष-किरणचित्रात हाड जुळलेले दिसले, तरी रुग्ण सुखाने बसू शकतो काय, हे त्यालाच विचारावे लागते.