महिला संचालक आहे, पण खुर्ची कोणती?

कंपन्यांच्या नेतृत्वात महिलांसाठी जागा राखाव्यात का, यावर दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. पण कायद्याने नेमकी कोणती जागा राखली आहे, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. आपल्याकडे एखाद्या कंपनीचे चार शेअर असतील, तर ते घरबसल्या तपासता येते.

आधी नियम पाहू. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४९ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला हवी. संचालक मंडळ म्हणजे भागधारकांच्या वतीने धोरण ठरवणारी आणि व्यवस्थापनावर देखरेख करणारी मंडळी. बाजारात नसलेल्या सार्वजनिक कंपनीचे भरणा झालेले भांडवल किमान १०० कोटी किंवा उलाढाल किमान ३०० कोटी रुपये असेल, तर तिलाही हेच बंधन आहे.

पळवाट लगेच निघाली. अनेक प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, घरातलीच पत्नी किंवा मुलगी मंडळावर बसवली. मग बाजार नियामक सेबीने बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, तर पहिल्या १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून एक ‘स्वतंत्र’ महिला संचालक सक्तीची केली. स्वतंत्र म्हणजे जिचे प्रवर्तकांशी नाते नाही आणि कंपनीशी आर्थिक हितसंबंध नाहीत अशी.

खरी गफलत होते ती यापुढे. स्वतंत्र संचालक रोजचा कारभार पाहत नाही. मंडळाच्या बैठका वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात, एवढेच. बढती कोणाला, पैसा कोणत्या कारखान्यात, हे व्यवस्थापकीय संचालक आणि विभागप्रमुख ठरवतात. त्या खुर्च्यांना आपला कायदा हात लावत नाही. नॉर्वेने २००३ मध्ये सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांवर ४० टक्क्यांचा कायदा केला. मंडळे बदलली, पण मुख्याधिकारी बहुतांश पुरुषच राहिले. फ्रान्सने म्हणूनच २०२१ च्या कायद्यात थेट वरिष्ठ व्यवस्थापन धरले: हजार किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांत २०२६ पर्यंत ३० टक्के, २०२९ पर्यंत ४० टक्के. मला हीच दिशा योग्य वाटते. ‘लायक महिला मिळत नाहीत’ हा आक्षेप मला पटत नाही. कारखाना किंवा विक्री विभाग सांभाळायला न देता मुख्याधिकारी होण्याचा अनुभव त्यांनी आणायचा कुठून?

आता वार्षिक अहवाल उघडा. ‘कंपनी सुशासन’ प्रकरणातल्या तक्त्यात प्रत्येक संचालकापुढे कार्यकारी, बिगर-कार्यकारी की स्वतंत्र, आणि बैठकांना हजेरी किती, हे लिहिलेले असते.

मग त्याच अहवालात ‘प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी’ या गटातल्या महिलांची टक्केवारी पाहा. इथे हमखास फसगत होते. या गटात अनेकदा तिघेच असतात: व्यवस्थापकीय संचालक, वित्तप्रमुख आणि कंपनी सचिव. सचिव महिला असली की तक्त्यात ३३ टक्के झळकतात, आणि कारभार मात्र दोन पुरुषांकडेच असतो. म्हणून टक्केवारीवर थांबू नका, पदनाम वाचा.

वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारकाला प्रश्न विचारता येतो. या वर्षी एवढेच विचारा: कारखाने, विक्री आणि वित्त यांच्या प्रमुखपदी किती महिला आहेत?