बिनतारी संशोधन : सोलापूर जिल्ह्याचे चार प्रश्न

● गर्दी : आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी जमतात. मर्यादित लहरपट्ट्यात इतके मोबाइल एकाच वेळी कसे सांभाळायचे?

● अंतर : ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात, पण माहिती कमी वाहतात, २६ गिगाहर्ट्झचे नेमके उलट. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांसाठी दोन्हींचा मेळ हवा.

● शेती : डाळिंबाच्या बागेतील ओलावा मोजणारे सेन्सर एकाच बॅटरीवर वर्षानुवर्षे चालायला हवेत. ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा विनापरवाना पट्टा त्यासाठी उपयुक्त.

● ऊन : मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. टॉवरवरील यंत्रणा कमी विजेत थंड ठेवण्याचे तंत्र हवे.

भारतात ५जी सेवेला १ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रारंभ झाला. ६जीसाठी केंद्र सरकारने २०३० चे उद्दिष्ट ठेवले आहे; तोवर या चार प्रश्नांची उत्तरे शोधायला हवीत.