शिडाखालचा पाना

२ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याच्या किनाऱ्यावरून निघालेली ‘तारिणी’ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २९ मे २०२५ रोजी मुरगाव बंदरात परतली. दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोन अधिकारी स्त्रियांनी चार मुक्काम करून पंचवीस हजारांवर सागरी मैल कापले. त्यांचे स्वागत यथोचित झाले. आमच्यासह सर्व वृत्तपत्रांनी शिडांची छायाचित्रे छापली, वादळांची वर्णने दिली. मात्र शिडाच्या नौकेच्या पोटात एक डिझेल यंत्रही असते आणि त्या यंत्राशेजारी पान्यांची एक गुंडाळी असते, याचा उल्लेख अशा प्रसंगी कोणी करीत नाही. आज आम्ही त्या गुंडाळीविषयी लिहिणार आहोत.

वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेला यंत्र कशासाठी, असा प्रश्न किनाऱ्यावरचा माणूस विचारतो. बंदरात शिरताना, नदीच्या मुखाशी ओहोटीला तोंड देताना, विषुववृत्तानजीकच्या निर्वात पट्ट्यात आणि मुख्यतः विजेरी संच भरण्यासाठी ते लागते. दिवे, बिनतारी यंत्रणा, स्वयंचलित सुकाणू हे सारे त्या विजेवर चालते. पण नौका बांधणारा जागेचा हिशेब माणसांसाठी आधी करतो आणि यंत्रासाठी शेवटी. त्यामुळे ते बहुधा खोलीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या मागे कोंबलेले असते. पायऱ्या काढल्या की यंत्राची पुढची बाजू दिसते. मागची बाजू गाठायची तर सामानाच्या कप्प्यात डोके खाली घालून लोंबकळावे लागते. वर नौका हेलकावे खात असते. अशा ठिकाणी कोणते अवजार कामाचे आणि कोणते शोभेचे, याचा निवाडा तत्काळ होतो.

उघड्या तोंडाचा पाना घ्या. नटाला सहा बाजू असतात. म्हणजे पाना पुन्हा धरण्यासाठी साठ अंश फिरवण्याइतकी जागा हवी. पण कोणा कल्पक कारागिराने त्याचे तोंड दांड्याशी पंधरा अंश तिरके ठेवले. एकदा सुलटा, एकदा उलटा असा पाना धरला की तीस अंशांच्या जागेतही नट सुटतो. पान्याचे तोंड वाकडे का, हे आमच्या शाळांतून कोणी शिकवत नाही. गॅरेजमधला बारा वर्षांचा पोर मात्र ते हाताने जाणतो. (त्या पोराने त्या वयात शाळेत असावयास हवे होते, हे आम्ही विसरलेलो नाही.) बारा खाचांचा रिंग पाना तीस अंशांवर नवी पकड घेतो आणि नटाचे कोपरे खात नाही, म्हणून जाणते लोक प्रथम त्यालाच हात घालतात. बहात्तर दात्यांच्या रॅचेटला तर पाच अंश पुरतात. कमीजास्त करता येणारा स्क्रू पाना घरात नळासाठी ठीक. यंत्राशी त्याला जाऊ देऊ नये. तो नटाला गोल करून सोडतो, आणि गोल झालेला नट भर समुद्रात काढणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच विचारावे.

आमच्या कार्यशाळांतून पान्यांना नावे नसतात, आकडे असतात. ‘दहा-अकरा दे’, ‘बारा-तेरा कुठे ठेवलास?’ दोन तोंडांच्या पान्यांच्या या जोड्या बाजारात तशाच मिळतात आणि भाषेतही तशाच रुळल्या आहेत. त्या आकड्यांमागे राष्ट्रांचा स्वभाव दडलेला आहे. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला जुना जर्मन प्रघात तेराचा पाना मागतो, तर जपानी यंत्र बाराचा. जुन्या ब्रिटिश यंत्रांची तऱ्हा आणखी निराळी. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचविले; त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असे. आपल्या देशाने १९५६च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली; तरी अर्ध्या इंचाच्या नटावर तेराचा पाना चढविण्याचा मोह आजही होतो. फरक केवळ तीन दशांश मिलिमीटरचा. तेवढ्यात नटाचे कोपरे जातात.

आता पान्याखेरीजची मंडळी. यंत्र थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणारा एक पंप असतो आणि त्याच्या पोटात पाकळ्यांचे रबरी चक्र. पाणी न येता पंप फिरला की थोड्याच वेळात त्या पाकळ्या फाटतात. चक्र बदलणे हे तसे सोपे काम. परंतु त्याच्या झाकणाचे स्क्रू लहान असतात, आणि हातातून सुटलेला प्रत्येक स्क्रू नौकेच्या तळातील काळ्या पाण्यात जातो. दांड्यावरचे लोहचुंबक अशा वेळी उपयोगी पडेल असे वाटते. पण स्क्रू पितळी असला तर चुंबक त्याला ओळखही देत नाही. म्हणून अनुभवी माणसे झाकण काढण्यापूर्वी खाली एक फडके अंथरतात. फडके हेही अवजारच आहे. शिवाय लांब नाकाची पक्कड, दंतवैद्याकडे असतो तसा दांड्याचा आरसा आणि कपाळावर बांधावयाचा दिवा. फाटलेल्या पाकळीचा तुकडा शोधून काढावाच लागतो, नाहीतर तो पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतो. त्या शोधात हे तिघे सोबती होतात.

डिझेल यंत्राला ठिणगी लागत नाही. त्याला स्वच्छ इंधन आणि दाबलेली हवा पुरते. इंधनाच्या नळीत मात्र हवा शिरली की ते मुकाट्याने थांबते. मग गाळणीवरचा लहानसा स्क्रू सैल करावयाचा, हातपंपाची चिमुकली दांडी अंगठ्याने दाबत राहावयाचे, आणि बुडबुडे थांबून निखळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावयाचा. एक पाना, एक अंगठा आणि थोडी चिकाटी एवढ्यावर बंद पडलेले यंत्र पुन्हा धडधडू लागते. आमच्या मते यांत्रिक जगात याहून समाधानकारक आवाज दुसरा नाही.

अवजार हाताशी नसले तर काय, याचे उत्तम उदाहरण मुंबईत बांधलेल्या एका नौकेवर घडले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी सागवानी नौका मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि सामता चालवून घडविली. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी ते परतले. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. वाटेत वीज भरणाऱ्या लहान यंत्रातील ठिणगीची फट बरोबर करावयाची होती, आणि ती मोजणारे फीलर गेज, म्हणजे पोलादी पात्यांची जुडी, सापडेना. त्यांनी आपल्या रोजनिशीची पाने मोजली. एका इंचात दोनशे पाने भरली. म्हणजे एक पान इंचाच्या पाच सहस्रांशाचे. तीन पानांची घडी फटीत घातली आणि काम झाले. आम्हा कागदावर जगणाऱ्यांना ही गोष्ट विशेष आवडते, हे कबूल केले पाहिजे.

त्याच ‘सुहैली’ची प्रतिकृती, ‘तुरिया’, पुढे गोव्यातच बांधली गेली. दिवाडीच्या ज्या रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीतून ‘म्हादेई’ २००९ मध्ये नौदलाला मिळाली, त्यांचीच ती कृती. त्या ‘म्हादेई’वरूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केल्या. म्हणजे हा विषय परदेशी शौकिनांचा नव्हे, आमच्या अंगणातला आहे.

आणि म्हणूनच एका गोष्टीची आम्हांस चिंता वाटते. नव्या डिझेल यंत्रांत इंधनाचा दाब हजार बारांच्या वर असतो आणि त्यावर हुकमत संगणकाची असते. तेथे नळी सैल करून हवा काढणे जिवावर बेतू शकते. ती फवार कातडी भेदून जाते. या यंत्रांनी इंधन वाचते, धूर कमी होतो, हे खरे, आणि आम्ही त्यांच्या विरोधात नाही. परंतु दोष कोठे आहे हे सांगणारी संगणकप्रणाली पुष्कळदा उत्पादकाच्या अधिकृत माणसापाशीच असते. पान्यांची गुंडाळी ज्याच्यापाशी आहे, त्याला स्वतःच्या यंत्राने काय म्हटले ते वाचताही येत नाही. बंदरात उभ्या असलेल्या नौकेला हे परवडेल. किनाऱ्यापासून शंभर मैलांवरच्या मच्छीमाराने काय करावे?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्यापुढे प्रथम ठेवलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने होती. नौकेच्या यंत्राचे नाव त्यांत नव्हते. चौदाशे तीस चौरस मैलांखाली, कोठे नदी तर कोठे समुद्र लागलेल्या या भूमीच्या लोकप्रतिनिधींनी ही उणीव दिल्लीच्या कानी घालावी, अशी आमची मागणी नाही, आग्रह आहे. यंत्राबरोबर दुरुस्तीची पुस्तिका मिळावी, दोष वाचण्याची सोय मालकाला खुली असावी, सुटे भाग निदान काही वर्षे बाजारात राहावेत, एवढेच मागावयाचे आहे.

तोवर ज्यांची यंत्रे जुनी आहेत त्यांनी ती सांभाळावीत. पाने तेलाच्या फडक्यात ठेवावेत. खाऱ्या हवेत क्रोमचा मुलामाही फार दिवस टिकत नाही. गुंडाळी शिडाच्या उरल्यासुरल्या कापडाची शिवून घ्यावी, प्रत्येक खणावर आकडा लिहावा, आणि दहाचा पाना दोन नग घ्यावा. एक पाण्यात जातोच. दुसऱ्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवावी.