थंडी, चरबी आणि नायट्रिक ऑक्साइड

उंदराला थंडीत ठेवले की तो आधी कुडकुडतो. काही आठवड्यांनी कुडकुडणे कमी होते, तरी अंगाची ऊब टिकते. ही ऊब येते तपकिरी चरबीतून. पांढरी चरबी ऊर्जा साठवते. तपकिरी चरबी ती जाळून थेट उष्णता देते. नवजात बाळात ती भरपूर असते, मोठ्यांतही थोडी उरते.

या कामात नायट्रिक ऑक्साइड या वायूचा वाटा आहे. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून पेशी तो तयार करतात. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि चरबीला प्राणवायू व इंधन जास्त मिळते. इटलीतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, तो पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जेच्या भट्ट्या, वाढवतो. तो बनवणारे एक विकर नसलेल्या उंदरांचा चयापचय मंदावला आणि वजन वाढले.

मग वजन घटवायला आर्जिनिनची पावडर घ्यावी का? रुग्ण हे विचारतात. उत्तर 'नाही' असेच आहे. उंदरात दिसले ते माणसात तसेच घडेल असे नाही. २००६ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्यानंतर १५३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवावी लागली.

हृदयरोग असेल, रक्तदाबाच्या किंवा जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील, तर अशी पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि थंडीत पहाटे फिरायला जाताना कानटोपी, स्वेटर विसरू नका. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो.