वेजचा दांडा आणि चेंडूची फिरकी

कुऱ्हाडीचे पाते लोहाराकडून मिळते, पण दांडा मात्र ज्याचा त्यानेच पारखून घ्यावा लागतो. आपल्या मालेगाव-मानोऱ्याकडचा जाणता शेतकरी आधी लाकूड पाहतो. धावड्याचे आहे की बाभळीचे, रेषा सरळ गेली आहे की मध्येच गाठ आहे, हे तो निरखतो. मग दांडा हातात धरून दोन-चार वेळा हवेत फिरवून पाहतो. दांडा जड झाला तर हात भरून येतात, हलका झाला तर घाव नीट बसत नाही. हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच शेतकऱ्याला जर कोणी म्हणाले, "हा दांडा घ्या, यानं लाकूड आपोआप फुटतं," तर तो नुसता हसेल. लाकूड फोडते ते पाते. दांड्याचे काम ते पाते नेमक्या जागी, नेमक्या कोनात नेऊन पोचवण्याचे.

गोल्फच्या खेळात मात्र असले बोलणे दुकानात हमखास कानावर पडते. "हा शाफ्ट बसवा, चेंडूला फिरकी वाढेल." शाफ्ट म्हणजे काठीचा दांडा. हे म्हणणे कितपत खरे, आणि दांडा निवडायचा तो कसा, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, वाशीम जिल्ह्यात आमची तूर, सोयाबीन आणि कपाशी. इथे गोल्फ कुठला? प्रश्न रास्त आहे. पण आपली मुले शिक्षणाला, नोकरीला पुण्या-मुंबईकडे जातात. पुण्यात १८७९ पासून गोल्फ क्लब आहे, तो येरवड्याला. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. हा खेळ केवळ साहेबलोकांचा आणि धनिकांचा राहिला, असेही नाही. दिल्लीचे अली शेर कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहण्याचे काम करीत वर आले, आणि १९९१ साली त्यांनी इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली भारतातर्फे खेळलेल्या गोल्फपटूंत उदयन माने हे मराठी नाव होते. असा एखादा मुलगा आपल्याकडूनही जाईल. तो जुन्या, दुसऱ्याने वापरलेल्या काठ्यांवर शिकेल. त्याने पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे कशावर खर्च करावेत, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने लहान नाही.

तेव्हा प्रथम वेज म्हणजे काय ते समजून घेऊ. वेज या शब्दाचा अर्थच मुळी पाचर. गोल्फमध्ये खेळाडूला चौदापर्यंत काठ्या बाळगता येतात. त्यांतल्या सर्वांत आखूड आणि सर्वांत तिरप्या तोंडाच्या लोखंडी काठ्यांना वेज म्हणतात. त्यांचे तोंड साधारण ४५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत मागे कललेले असते. लांब पल्ल्याच्या फटक्यासाठी त्या नसतात. खळग्याभोवतीची जी बारीक कापलेली हिरवळ, तिच्यावर चेंडू उंचावरून अलगद उतरवायचा आणि तिथेच थांबवायचा, हे त्यांचे काम. आता हिरवळीवर पडलेला चेंडू थांबेल कशाने? बव्हंशी उलट्या फिरकीने. चेंडू पुढे जात असतो, पण स्वतःभोवती मागच्या बाजूला गरगरत असतो. जमिनीला टेकताच ती गरगर त्याला मागे ओढते. कसलेल्या व्यावसायिक खेळाडूचा वेजचा पुरा फटका पाहिला, तर चेंडू मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्या या वेगाने फिरतो. म्हणजे सेकंदाला दीडशेहून अधिक!

ही फिरकी जन्मते कुठे? भोवरा फिरवताना जाळी त्याच्या अंगाला घासून ओढ देते, म्हणून तो फिरतो. जाळी गुळगुळीत आणि ओली असली की ती निसटते आणि भोवरा आडवा पडतो. इथेही तेच घर्षण. काठी थोडी खालच्या दिशेने येते, तिचे तोंड मात्र वर पाहत असते. या दोन दिशांमध्ये जे अंतर पडते, त्यामुळे चेंडू तोंडावर चेपला जाऊन वर घासत जातो आणि फिरू लागतो. हे अंतर वाढले की फिरकी वाढते. पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे तोंडाची पकड सुटते, चेंडू नुसता घसरून वर उडतो आणि फिरकी उलट कमी होते. म्हणून "जितकी तिरपी काठी, तितकी फिरकी" हा हिशेब सरसकट खरा नाही.

आणि हे सगळे किती वेळात घडते? सेकंदाचा सुमारे दोन-हजारावा भाग! एवढ्या वेळात आपल्या हाताला फटका बसल्याचे कळतसुद्धा नाही. ते कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. ब्रिटनमध्ये काही शास्त्रज्ञांनी या खेळाचा पद्धतशीर अभ्यास केला. तो १९६८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांनी एक गंमत केली. काठीच्या डोक्याच्या जरा वर दांड्यात चक्क बिजागरी बसवली आणि त्या काठीने चेंडू मारून पाहिले. ते चेंडू नेहमीच्या काठीने मारलेल्या चेंडूंच्या जवळजवळ बरोबरीने गेले. याचा अर्थ असा की, टक्कर होते त्या क्षणी काठीचे डोके जणू मोकळे फेकलेले असते. मागे दांडा कोणता आहे, याची चेंडूला दाद ना फिर्याद.

मग दांड्याला काहीच किंमत नाही का? आहे, आणि चांगलीच आहे. पण ती टक्कर होण्याच्या आधी. डोके कोणत्या वेगाने, कोणत्या कोनात आणि कोणत्या जागी येऊन पोचते, यात दांड्याचा वाटा असतो. काठी खाली येताना दांडा किंचित लवतो. चेंडूजवळ येईपर्यंत तो पुढच्या अंगाला लवलेला असतो, त्यामुळे तोंड थोडे अधिक वर पाहू लागते. दांडा टोकाशी मऊ असला तर हे अधिक होते, ताठ असला तर कमी. पण वेज मुळातच आखूड, आणि तिचा फटका पुष्कळदा अर्ध्या ताकदीचा. त्यामुळे हा फरक लांब काठ्यांइतका मोठा नसतो. वजनाचा परिणाम मात्र हाताला लगेच कळतो. वेजचे पोलादी दांडे बहुधा ११० ते १३० ग्रॅमच्या आसपास असतात. कार्बनच्या धाग्यांचे, ज्यांना ग्राफाइटचे म्हणतात, ते बरेच हलके मिळतात. जड दांडा हाताची घाई आवरतो. पण ज्याच्या मनगटात तेवढे बळ नाही, त्याचा तोच दांडा शेवटच्या दहा फटक्यांत हात मोडतो.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. पूर्वी दांडे हिकरी नावाच्या अमेरिकन लाकडाचे असत. ते हातात पिळत, आणि एकासारखा दुसरा मिळणे मुश्कील. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने १९२९ साली पोलादी दांड्यांना मान्यता दिली. त्याने फटक्यात सारखेपणा आला. अमेरिकन खेळाडू जीन सारझेन यांनी १९३२ साली ब्रिटिश ओपन जिंकली ती वाळूतून चेंडू काढणाऱ्या नव्या वेजच्या साहाय्याने. त्यांनी सुधारणा केली होती ती काठीच्या तळाला धातूची भर घालून, दांड्याला नव्हे. अलीकडचा दाखला घ्या. लांब गवतातूनही व्यावसायिक खेळाडूंच्या चेंडूला फार फिरकी मिळते, ती कमी करावी असे नियम करणाऱ्यांच्या मनात आले. २०१० पासून त्यांनी निर्बंध घातले ते काठीच्या तोंडावरील खाचांवर. फिरकी कुठे राहते, हे त्यांना बरोबर ठाऊक होते!

या खाचांबद्दलही एक गैरसमज आहे. खाचा चेंडूला दातांसारख्या पकडतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तोंड कोरडे आणि स्वच्छ असेल तर खाचांवाचूनही फिरकी मिळते. खाचांचे काम एस.टी.च्या टायरवरच्या नक्षीसारखे. पावसात ती नक्षी पाणी बाजूला सारते आणि रबर रस्त्याला भिडते. तशाच खाचा गवताचा रस आणि पाणी यांना वाट करून देतात. खाचा मातीने बुजल्या किंवा झिजून बोथट झाल्या, की चेंडू निसटलाच म्हणून समजा. चेंडूचेही तसेच. वरचे आवरण मऊ युरेथेनचे असेल तर वेजची फिरकी चांगली बसते. कठीण आवरणाचा स्वस्त चेंडू टिकतो पुष्कळ, पण हिरवळीवर धावत सुटतो.

आता प्रत्यक्ष निवड कशी करावी, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, दांड्याला हात लावण्यापूर्वी ब्रश आणि पाणी घेऊन तोंडाच्या खाचा साफ करा, फडक्याने कोरड्या करा आणि मुठीचे रबर गुळगुळीत झाले असेल तर ते बदला. या कामाला फार खर्च येत नाही. पुष्कळांची हरवलेली फिरकी इथेच सापडते.

दुसरी गोष्ट, वेजचा दांडा आपल्या इतर लोखंडी काठ्यांच्या दांड्यांशी जुळता असावा. वजन त्यांच्याइतके किंवा किंचित अधिक, हे धोरण बहुतेकांना मानवते. इतर काठ्या हलक्या ग्राफाइटच्या आणि वेज मात्र १३० ग्रॅमची, असे झाले की हाताचा ताल चुकतो. बैलजोडीत एक खिल्लारी आणि एक गोऱ्हा जुंपावा, तसे ते होते.

तिसरी गोष्ट, दांड्यावरच्या अक्षरांवर विसंबू नका. ताठ, मध्यम, "वेज फ्लेक्स" अशा खुणा कारखानदार करतात, पण त्यांचे सर्वांना बांधील असे एकच माप नाही. एकाचा मध्यम तो दुसऱ्याचा ताठ असू शकतो. लांबीही पाहा. दांडा अकारण लांब झाला तर काठीची टाच जमिनीला आधी लागते आणि चेंडू वाकडा जातो.

चौथी गोष्ट, परीक्षा घ्या, आणि ती न्यायाने घ्या. डोके त्याच जातीचे, चेंडू तेच, जागा तीच; बदल फक्त दांड्याचा. प्रत्येक दांड्याने दहा-दहा चेंडू मारा. काही पुऱ्या फटक्याचे, काही अर्ध्या फटक्याचे. तोंडावर थोडी पावडर भुरभुरवा, म्हणजे चेंडू कुठे लागला त्याची खूण उमटेल. चेंडू पडला कुठे आणि तिथून किती पावले धावला, हे वहीत टिपून ठेवा. रडारचे मोजयंत्र मिळाले तर उत्तमच, पण वही आणि पावले यांनीही बरेच कळते. यात सर्वांत दूर गेलेला किंवा एकदाच झकास थांबलेला चेंडू पाहून भुलू नका. ज्या दांड्याने दहांपैकी अधिक खुणा तोंडाच्या मधोमध, एका जागी उमटल्या आणि चेंडू जवळजवळ पडले, तो दांडा तुमचा. कारण फिरकीला लागते ती स्वच्छ टक्कर, आणि स्वच्छ टक्कर पुन्हा पुन्हा साधून देणे एवढेच दांड्याच्या हाती आहे.

पावसाळ्याचा मात्र वेगळा विचार करावा. ओले गवत चेंडू आणि तोंड यांच्यामध्ये आले, की कोणताही दांडा फिरकी देऊ शकत नाही. अशा वेळी चेंडू हिरवळीच्या अलीकडे उतरवून तो धावेल हे गृहीत धरूनच खेळावे, हे शहाणपणाचे.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी आपल्याकडे म्हण आहे. गोल्फचा दांडा खिशास काळ होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. कोणी फिरकी विकायला आला तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत: याने चेंडू तोंडाच्या मध्यावर अधिक वेळा लागेल का? आणि ते मला दहा चेंडू मारून पाहू द्याल का? दुसऱ्या प्रश्नाला तो "नाही" म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्यावेत आणि त्यातून थोडे चांगले चेंडू आणि एक ब्रश घ्यावा. उरलेली फिरकी सरावाने येते, आणि सराव कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.